या लॅपटॉपला नेट लावायचं नाही

गाडीच्या डॅशबोर्डवर नको तो दिवा पेटला की मालक मीटरवाल्याचं दुकान शोधत येतो. मीटरवाला म्हणजे गाड्यांचा इलेक्ट्रिशियन. केबलचं एक टोक स्टीअरिंगखालच्या खाचेत खोचायचं, दुसरं लॅपटॉपला लावायचं, आणि गाडीला कुठे दुखतंय ते पडद्यावर वाचायचं, हा त्याचा धंदा. केबल अर्थातच अस्सल नव्हती. अस्सल घ्यायची तर दुकानच विकावं लागलं असतं. नक्कल म्हटली की तिची पथ्यं आली. त्यातलं मोठं पथ्य लेकीने लॅपटॉपच्या झाकणावर मार्करने लिहून ठेवलं होतं: या लॅपटॉपला नेट लावायचं नाही. नेट मिळालं की आतलं सॉफ्टवेअर स्वतःला नवं करून घेतं, केबल नकली आहे हे ओळखतं आणि तिच्या चिपमधला प्रोग्रॅम पुसून मोकळं होतं.

लेक याच दुकानात स्टुलावर बसून मोठी झाली. बापाचे हात तारांत आणि तिचे कीबोर्डवर, अशी दोघांची जोडी जमली होती. कॉलेज संपल्यावर ती म्हणाली, "बाबा, मी इथेच बसते. दुकान वाढवू." मीटरवाल्याने तिचं बोलणं पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "हे ग्रीसमध्ये हात काळे करायला शिकवलं का तुला?" एवढंच म्हणाला. तो ते मायेपोटीच म्हणाला, पण माया पोटातच राहिली आणि बाहेर आला तो फटकारा. लेक दूरच्या शहरात नोकरीला गेली. तिथेही गाड्यांचेच प्रोग्रॅम लिहिते.

तिचा फोन यायचा तो आईला. मायलेकींचं मनसोक्त झालं की फोन याच्याकडे. "बाबा, बरे आहात?" "हो. तू?" "हो." संपलं. मग तो फोन कानाला तसाच धरून थोडा वेळ बसे आणि बायको बघत नाहीसं पाहून खाली ठेवी. सरळ सांगायचं तर त्याला लेकीची फार आठवण यायची. स्टुलावरून हुकूम सोडणारी लेक त्याला हवी होती, ख्यालीखुशाली विचारणारी नको होती.

परवा तिने आईच्या फोनवर आपल्या ऑफिसातल्या टेबलाचा फोटो पाठवला. मीटरवाल्याने आपल्या फोनवर मागवून घेतला, पण फोनच्या काचेला तडे गेलेले, तिच्या टेबलावर काय काय आहे ते कळेना. मोठा करून बघावा म्हणून त्याने लॅपटॉपला नेट लावलं. केबल खोचलेलीच होती. फोटो पोटभर बघून झाला आणि केबलने मान टाकली. तिच्या डबीवरचा दिवा लाल झाला तो झालाच. बाहेर एक गाडी एअरबॅगचा दिवा घेऊन उभी होती.

तिच्या मालकाला उद्या यायला सांगून त्याने दुपारी लेकीला फोन लावला. स्वतःहून पहिल्यांदाच.

"बाबा? आई बरी आहे ना?"

"आईला काय धाड भरलीय. केबल गेली."

"नेट लावलंत?"

"हो."

"कशाला पण?"

"तुझं टेबल बघायचं होतं," तो म्हणाला.

पलीकडचा आवाज बदलला, थेट स्टुलावरचा झाला. "आधी नेट बंद करा. आता डबी उघडा. फोन स्पीकरवर ठेवा. चिपच्या बाजूला दोन बारीक ठिपके दिसतायत? चिमट्याने दोन्ही एकदम दाबून धरा. सोडायचं नाही. आणि आता केबल लॅपटॉपला लावा."

"मला काय तीन हात आहेत?"

"डबी गुडघ्यात धरा. अहो बाबा, दाबा म्हटलं की दाबायचं, विचार करत बसायचं नाही."

त्याने निमूट दाबलं. तिने सांगितलेली जुनी फाइल शोधली, चिपमध्ये भरायला लावली. पडद्यावरची पट्टी गोगलगाईसारखी सरकत होती. तोवर लेक बोलत राहिली. तिच्या ऑफिसात चिमटा कसा धरतात हेही कुणाला ठाऊक नाही, खऱ्या गाडीला हात लागून किती दिवस झाले, असं काहीबाही. तो हुंकार भरत होता. पट्टी जरा हळू जावी असं त्याला वाटत होतं.

पण ती भरलीच. डबीवरचा दिवा हिरवा झाला, आणि केबल ओळखल्यावर लॅपटॉप करतो तो टुंग आवाज दुकानभर खणखणीत वाजला.

"झालं का?" लेकीने विचारलं.

मीटरवाल्याने हिरव्या दिव्याकडे पाहिलं. "नाही गं. लालच आहे अजून."

टुंग म्हणजे काय हे तिला त्याच्याइतकंच पाठ होतं.

"बरं," ती म्हणाली. "मग डबी परत उघडा. पहिल्यापासून सांगते."