सासूबाईंचा बंब

किताले शहरातल्या निम्म्या घरांत विजेचे गीझर बसवले ते आमच्या शेजारच्या सितातीने. कुठला घ्यावा हे तो गिऱ्हाइकाला अर्धा तास समजावत बसे, आणि गिऱ्हाईक शेवटी स्वस्तातला उचले.

त्याची सासू नालियाका कंबर मोडून त्याच्याकडे आली, कारण इस्पितळ इथं जवळ. आमच्यात सासू-जावई एका छपराखाली राहत नाहीत, समोरासमोर येत नाहीत. म्हणून परसात तिला वेगळी खोली, वेगळी न्हाणी. डॉक्टरांनी रोज कडक पाण्याने शेकायला सांगितलं होतं. तिची लेक, म्हणजे सितातीची बायको नबविले, सातवा महिना लागलेली, सकाळी बादल्या वाहायची.

ते बघवेना, म्हणून सितातीने एका दुपारी स्वतःच सासूच्या न्हाणीत शिरून विजेचा गीझर बसवला. एवढ्या शहाण्याला कळू नये?

"जावई जिथं उभा राहिला तिथं मी कपडे उतरवू?" म्हातारी लेकीला म्हणाली. "मला गावी सोड."

गावी गेली असती तर अंथरुणालाच खिळली असती.

"मग सोलर बसवू," सिताती म्हणाला. "टाकी वर, माणूस खाली."

"आणि छपरावर चढणार कोण? तूच ना?" नबविले म्हणाली. "आईच्या डोक्यावर नाचणार आहेस का?"

गॅसचं तर म्हातारीने नावच काढू दिलं नाही.

शेवटी लाकडाचा बंब आला. पत्र्याची नवी न्हाणी दुसऱ्याकडून बांधून घेतली. बंब बाहेर, नळ आत. पहाटे सिताती बाहेर लाकडं सारी, आत म्हातारी अंघोळ करी.

"नबविले, त्याला सांग, पाणी कोमट आहे."

"नबविले, आईला सांग, लाकडं ओली आहेत."

मधे नबविले जांभया देत उभी. दोघांना एकमेकांचं स्वच्छ ऐकू यायचं, पण रीत ती रीत. पाणी बरं आहे असं म्हातारी एकदाही म्हणाली नाही.

मग नबविले बाळंतपणासाठी इस्पितळात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुंपणापाशी होतो. सिताती इस्पितळातून तडक परसात आला आणि बंब पेटवून बसला. आत नळ सुरू झाला.

"नबविले," तो रिकाम्या परसाकडे बघत म्हणाला, "आईला सांग, मुलगी झाली. दोघी बऱ्या आहेत."

आतला नळ बंद झाला.

"नबविले, त्याला सांग," म्हातारी म्हणाली, "आज पाणी छान तापलंय."