पाच मार्कांचे दुष्परिणाम

ऐंशीच्या दशकात मी फार्मसीचा डिप्लोमा करत होते, तेव्हा औषधांचे दुष्परिणाम म्हणजे आमच्या वर्गाच्या लेखी पाच मार्कांचा हमखास प्रश्न. घोकायचे, पेपरात ओकायचे, विसरायचे. ते खरोखरच्या माणसांना होतात, हे कुणाच्या गावीही नव्हतं.

त्याच सुमारास बाबांना टीबी निघाला. ते मरोळच्या एका कारखान्यात पत्र्याच्या प्रेसवर कामाला. घराजवळ, कांदिवलीच्या दवाखान्यात रोजचं इंजेक्शन सुरू झालं, खोकला उतरला, घराला हायसं वाटलं. मग एकदा जेवताना म्हणाले, कानात शिट्टी वाजते. आई म्हणाली, मशीनचा आवाज बसलाय कानात. मी मात्र ताटावरून उठून पुस्तक काढलं. त्या इंजेक्शनाबद्दल पुस्तकात हेच होतं: आधी कानात आवाज, मग बहिरेपण, तेही कायमचं.

दुसऱ्या दिवशी मी सोबत गेले आणि डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी बाबांना विचारलं, "काय हो, कानाला त्रास आहे?"

"नाय साहेब, कायच नाय. शिकतेय ना ती, तिला सगळीकडे पुस्तकच दिसतं."

बाहेर आल्यावर मी भडकले. बाबा खालच्या आवाजात म्हणाले, "गप रव गो. इंजेक्शन बंद केल्यानी तर? परत खोकूक लागलंय तर माका कामावर कोण घेतलो?"

शिवाय डॉक्टरने दिलेल्या औषधाची डॉक्टरकडेच तक्रार करायची, म्हणजे प्रसादाला नावं ठेवल्यासारखं. आमच्याकडे असं कुणी करत नसे.

कॉलेजात मी सरांना सगळं सांगून विचारलं, हे कळवायचं कुठे? ते म्हणाले, "तो डॉक्टरांचा प्रांत. आपण औषध द्यायचं." मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "पेपरात लिही ना यार, पाच मार्क मिळतील." वर्ग हसला. वाईट त्यांच्यात कुणीच नव्हतं. पण बाबांचं पुढे काय झालं, हे एकानेही विचारलं नाही. त्याचा राग कधीच गेला, वाईट मात्र अजून वाटतं.

टीबी गेला. कानही गेले. बाबा पुन्हा प्रेसवर जायला लागले. तिथे बहिऱ्याचं काही अडत नाही. अडलं ते घरात. आई मुळात हळू बोलणारी. ओरडून बोललं की सगळ्या मजल्याला कळायचं, म्हणून तिने आधी त्यांच्याशी मनातलं बोलणं सोडलं, मग थट्टेचं. शेवटी फक्त "जेवायला चला" उरलं, आणि तेही ती खुणेनेच सांगायची.