न फुटलेला स्टोव्ह

स्टोव्ह फुटत नाही. हे मी कुणाचं ऐकून सांगत नाही, स्टोव्ह दुरुस्त करणाऱ्याच्या घरात जन्मले म्हणून सांगते. स्टोव्ह भडभडतो, काजळी धरतो, पाहुणे दारात असताना नेमका रुसतो. पिन तुटते, निप्पल बुजतं, पंपातला चामड्याचा वायसर वाळतो आणि हवा धरेनासा होतो. फारच झालं तर टाकीचा सांधा उकलतो आणि रॉकेल ठिपकायला लागतं. पण फुटून माणूस जाळणारा स्टोव्ह माझ्या वडिलांच्या उभ्या आयुष्यात त्यांच्या दुकानात कधी आला नाही.

तरी ऐंशीनंतरच्या त्या वर्षांत धुळे-जळगावच्या पेपरात सारखे स्टोव्ह फुटायचे. आणि त्या स्टोव्हांना माणसं बरोबर कळायची. सासूच्या हातात कधी फुटला नाही, नणदेच्या नाही. स्टँडवरच्या चहावाल्याचा स्टोव्ह दिवसभर पेटलेला असायचा, त्याची मिशीसुद्धा कधी करपली नाही. फुटायचा तो सुनेच्याच हातात, तेही लग्नाला फार दिवस झालेले नसताना. पेपरवाले छापायचे, आम्ही वाचायचो, मग त्याच कागदात भजी बांधून आणायचो. मला त्या छापणाऱ्यांचा राग येतो, वाचणाऱ्यांचा येतो, आणि आता जे सांगणार आहे त्यात माझा स्वतःचाही येतो.

आमचं गाव धुळे-जळगाव रस्त्यावरचं. नाव मुद्दाम घेत नाही. ज्यांना ओळखायचं ते ओळखतील, आणि ओळखूनही काही करणार नाहीत, तेव्हाही केलं नव्हतं. वडिलांना मी नाना म्हणायची, गावही नानाच म्हणायचं. बाजारपेठेत नगरपालिकेच्या गाळ्यात त्यांचं दुकान होतं. मी डी.एड. करून नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत घरी बसले होते, म्हणून दिवसभर दुकानात असायची. गिऱ्हाइकाला स्टोव्ह परत देताना नाना पेटवून दाखवायचे, ज्योत निळी झाली की विझवायचे आणि घेऊन जा, आता याला काही होणार नाही, असं आमच्या बोलीतलं एकच वाक्य बोलायचे, ‘घी जा. आते याले काहीच व्हत नही.’

ती पहिल्यांदा आली तेव्हा स्टोव्ह पोटाशी धरून आली होती. आमच्याच गल्लीच्या तोंडाशी मोठं घर होतं, त्या घरची ती थोरली सून. सासरा नगरपालिकेत मेंबर. माहेर सोनगीरकडचं, कोरडवाहू शेतीवालं. स्टोव्ह पितळी, चिंचेनं घासून लख्ख केलेला, आणि टाकीवर ठिपक्या-ठिपक्यांनी तिचं नाव कोरलेलं, खाली ‘आईकडून’. आमच्याकडे लग्नात दिलेल्या भांड्यावर नाव घालतात. भांडं सासरी गेलं तरी कुणाचं आहे ते विसरलं जाऊ नये म्हणून.

‘नाना, हवाच धरस नही,’ ती म्हणाली. ‘नीट करा. हाऊ मना मायनी देयेल शे.’

नाना वायसर बदलत होते तोवर ती माझ्याजवळ पायरीवर बसली. पदर सरकला तेव्हा दंडावर काळंनिळं दिसलं. मी विचारलं, ‘काय जायं वं?’ ती म्हणाली, ‘भिंत लागनी.’ दंडाच्या आतल्या बाजूला भिंत कशी लागते, हे मला तेव्हाही कळत होतं. मी म्हटलं, हळद लाव. एवढंच म्हटलं. शिकलेली होते ना मी, सल्ला द्यायला मागे कशी राहणार! नानांनी स्टोव्ह पेटवून दाखवला, त्यांचं नेहमीचं वाक्य बोलले आणि ती गेली.

त्यानंतर महिनाही झाला नसेल. दुपारी अडीच-तीनचा सुमार, आम्ही जेवायला घरी आलो होतो. गल्लीत आरडाओरडा झाला. आम्ही धावलो तोवर तिला घोंगडीत गुंडाळून जीपमध्ये घातलं होतं. धुळ्याला नेलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेल्याचं कळलं, आणि ते कळायच्या आधीच गल्लीत सगळ्यांना पाठ झालं होतं की स्टोव्हचा भडका उडाला.

त्याच सकाळी पोलीस जमादार दुकानात आले. ‘मिस्तरी, चला. पंच म्हणून तुमची सही लागते. तुम्ही स्टोव्हमधले जाणकार.’ नाना उठले. त्यांच्या हत्यारांची पिशवी घेऊन मी मागे गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं, पण अडवलंही नाही.

स्वयंपाकघराची भिंत छातीइतक्या उंचीपासून वर काळी झाली होती. ओट्यावर स्टोव्ह जसाच्या तसा उभा. त्याच्या अंगावर काजळीचा डागसुद्धा नाही. नानांनी उचलून हलवून बघितला. टाकी कोरडी. त्या आठवड्यात रेशनचं रॉकेल आलंच नव्हतं, सगळं गाव चुलीवर आलं होतं. स्टोव्ह पेटवायचा काकडा कोरडा. सांध्यावरून त्यांनी बोट फिरवलं, एकदा, दोनदा. मग निप्पलवर अंगठा दाबून धरला आणि सहा-सात हात हवा मारली. नानांनी हवेची चावी सोडली, आणि सुस्स करून हवा बाहेर आली.

फुटलेल्या टाकीत हवा राहत नाही. हे कळायला जाणकार लागत नाही. तो आवाज जमादारांनी ऐकला, सासऱ्यानं ऐकला, दाराशी उभ्या असलेल्या नवऱ्यानं ऐकला, मी ऐकला. आतल्या पडवीत दुसरा स्टोव्ह चालू होता, तो तेवढा भरभरत होता. शेजारून कुणीतरी बाटलीभर रॉकेल दिलं होतं म्हणे. आमच्यासाठी चहा होत होता.

जमादारांनी लिहायला घेतलं आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, ‘टाकीचा सांधा उकलून स्फोट झाल्याचे दिसून येते.’

नाना म्हणाले, ‘जमादारसाहेब, टाकी त अख्खी शे. याले काहीच व्हयेल नही.’

‘मिस्तरी, तुम्ही स्टोव्ह बघा. बाकीचं आम्ही बघतो. ही इथं सही करा.’

नाना तसेच बसून राहिले. तेव्हा सासरा बोलला. आवाज चढवून नाही, अगदी घरच्यासारखा. ‘नाना, तुमना दुकानना गाळा नगरपालिकाना शे ना?’

बस्स, एवढंच. नानांनी पेन घेतलं. त्यांची सही म्हणजे शाळेतल्या पोरासारखी, एकेक अक्षर सुटं. ती पूर्ण व्हायला जो वेळ लागला तेवढ्यात त्यांना थांबता आलं असतं. मी त्यांच्या मागे उभी होते. मलाही बोलता आलं असतं. चहा आला. नानांनी घेतला नाही, ही त्यांची मर्दुमकी.

घरी येताना नाना आपणहून म्हणाले, ‘मी एकला काय करसू? माले याच गावम्हा ऱ्हावानं शे.’

आठवड्यानं मोर्चा निघाला. जळगावहून दोन बायका आल्या होत्या, त्यांनी पुढाकार घेतला. आमच्या गल्लीतल्या ज्या बायका डोक्यावरचा पदर कधी ढळू देत नव्हत्या, त्या लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या, त्यांत मीही होते. मला भरून आलं होतं. वाटलं, आता काहीतरी होणार. तहसील कचेरीत साहेब नव्हते. कारकुनानं निवेदन घेतलं, पोच दिली आणि पंखा हळू केला. पोलीस स्टेशनात साहेब होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, ‘चौकशी चालू आहे’ म्हणाले, आणि बायका उठेनात तेव्हा फाईल उघडली. ‘हा पंचनामा. तुमच्याच गल्लीतल्या मिस्तरीची सही आहे. तो सांगतो, स्टोव्ह फुटला. आता तुम्ही मला स्टोव्ह शिकवणार?’

सगळ्या वळून माझ्याकडे बघायला लागल्या. मला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. तिथं उठून सांगायचं होतं की हवा राहिली होती, मी कानांनी ऐकली आहे. बापाला खोटं पाडायची हिंमत झाली नाही. लाटणी परत घरोघरी गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांनीच पोळ्या लाटल्या गेल्या.

मग नगरपालिकेची निवडणूक आली. सासरा आमच्याच वॉर्डातून पुन्हा उभा. तेव्हा मतदानाला एकवीस वर्षं लागायची, आणि यादीत माझं नाव पहिल्यांदाच आलं होतं. मला वाटलं, ही संधी. पोलीस त्याचे, कचेरी त्याची, पण मत तर त्याचं नाही! आमच्या गल्लीतल्या आणि मागच्या आळीतल्या बायका जरी उठल्या असत्या तरी तो पडला असता. समोर एक मास्तर उभे होते, गरीब, निरुपद्रवी. मी घरोघर फिरले. दिवस पापडांचे होते. ज्या घरी जावं तिथं चार-पाच जणी उडदाचं पीठ कुटत, लाट्या करत बसलेल्या.

‘कोन्हलेच मत देवानं नही,’ एकजण म्हणाली. ‘बठ्ठा सारखाच शेतस.’

‘अवं, आपन नही गऊत त तो फुकटम्हा निवडी येई,’ मी म्हटलं.

‘गऊत तरी येई,’ कोपऱ्यातली म्हातारी म्हणाली आणि पापड उन्हात टाकायला उठली.

त्यांना राग नव्हता असं नाही. भयंकर राग होता. बोलायला लागल्या की सासऱ्याच्या सात पिढ्या उद्धरायच्या. आणि त्याच रागानं त्यांनी ठरवलं की घरी बसायचं. घरी बसणं हीच शिक्षा, असं त्यांना वाटत होतं. शिक्षा कुणाला, हे मी समजावून सांगत होते आणि त्या मला कच्चा पापड खायला देत होत्या. आजही मतदानाच्या दिवशी कुणी बोटावर शाई नसल्याचं कौतुक सांगायला लागलं की माझं टाळकं सटकतं. व्यवस्थेवर रुसून बसलेत म्हणे! व्यवस्थेला तेच हवं असतं.

मतदानाच्या दिवशी दुपारी मी मत द्यायला निघाले. शाळेच्या कोपऱ्यावर सासऱ्याचा मांडव, त्यात त्याची माणसं, जिलबीची परात. शाळेचं आवार रिकामं. आत मतदानाचे कर्मचारी टेबलावर डोकं टेकून पेंगत होते. गल्लीत वळून बघितलं तर ओट्या-ओट्यांवर बायका बसलेल्या, एकीनंही साडी बदललेली नव्हती. मांडवातल्या एकानं मला हाक मारली, ‘या ताई, चिठ्ठी देतो.’ सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्या मनात आलं, मी एकटीनं जाऊन काय होणार? आणि मी परत फिरले. हे वाक्य आपण कुठे ऐकलंय, ते घराच्या पायरीवर आठवलं. तरी परत गेले नाही.

तो निवडून आला. मतं फार पडली नव्हती, त्याच्या घरच्यांची आणि मांडवातल्यांची पुरली. मिरवणूक गल्लीतून गेली तेव्हा गुलाल आमच्या वाळत घातलेल्या पापडांवर पडला. कुणीतरी नानांच्या हातात पेढा ठेवला.

पुढे काही महिन्यांनी तिचा दीर दुकानात आला. हातात तोच स्टोव्ह. कागदावर प्रकरण अकस्मात मृत्यू म्हणून मिटलं होतं आणि पोलिसांनी मुद्देमाल परत दिला होता. टाकीला सुतळीनं चिठ्ठी बांधलेली, वर लाखेचं सील. चिठ्ठीवर लिहिलं होतं, ‘स्फोटात निकामी झालेला पितळी स्टोव्ह, नग एक.’

‘नाना, हवा धरस नही,’ दीर म्हणाला. ‘आन् हाई नाव काढी टाका. दादानं लगीन शे.’ दादा म्हणजे तिचाच नवरा, त्याचं दुसरं लग्न ठरलं होतं.

नानांनी सुतळी कापली. पंप उघडला. वायसर पडून पडून वाळला होता, तो बदलला. रॉकेल घातलं, काकडा पेटवला, हवा मारली. ज्योत आधी पिवळी, मग निळी झाली, आणि निकामी स्टोव्ह भरभरून पेटला. दीर मान हलवून ‘वा’ म्हणाला. नानांनी तो विझवला, गार होऊ दिला आणि कानस हातात घेतली.

मला राहवलं नाही. ‘नाना, नाव ऱ्हाऊ द्या. तिना मायनी देयेल शे तो. सही त करीच दिधी तुम्ही, आते हाई बी करशात?’

इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदा त्या सहीचं नाव काढलं होतं, आणि ते गिऱ्हाइकासमोर. नानांनी वर बघितलं नाही. कानस टाकीला लावत म्हणाले, ‘तू गई व्हती का मत देवाले?’

ठिपके खोल होते, वेळ लागला. आधी ‘आईकडून’ गेलं, मग तिचं नाव शेवटाकडून एकेक अक्षर करून गेलं. पितळेचा भुगा कागदावर पडत होता. झाल्यावर मी रोजच्यासारखा कुंचा घेतला आणि तो भुगा आणि ती चिठ्ठी एकाच सुपलीत भरून बाहेर टाकली. नानांनी टाकी फडक्यानं पुसून स्टोव्ह दिराच्या हातात दिला.

‘घी जा,’ ते म्हणाले. ‘आते याले काहीच व्हत नही.’