आडवाटेचं रक्त

आमच्या ह्यांचा उजवा हात पहिल्यांदा लुळा पडला तो एका रविवारी संध्याकाळी, नाइटला निघण्याआधी जेवताना. घास ताटात पडला आणि हे बघतच राहिले. दहा मिनिटांत हात पुन्हा ठीक. "झोप झाली नाही, दुसरं काय," म्हणाले आणि डबा उचलून गेले. पंधरा दिवसांनी परत तेच. तेव्हाही आम्ही झोपेलाच बोल लावला. सिल्वासाच्या सूत कारखान्यात बारा तास उभं राहणाऱ्या माणसाची झोप कधी होते का?

तिसऱ्या वेळी हात आलाच नाही. वाचाही गेली.

दवाखान्यात शिरेत औषध सोडून डोक्याचा स्कॅन काढला. डॉक्टरांनी मला पडद्यावर लाल, हिरवे, निळे डाग दाखवले. मला काय कळतंय डोंबल! मी आपली मान हलवत होते.

"बेन, डावीकडची मानेची नस जवळजवळ बंद आहे. बरीच वर्षं हळूहळू बुजत आलीय. पण उजवीकडून आडवाटेनं रक्त डावीकडे येतंय, म्हणून इतके दिवस निभावलं."

"मग चांगलंच की!"

"चांगलंच. पण त्या वाटा बारीक. प्रेशर फार उतरलं की टोकापर्यंत रक्त पोचत नाही."

अथाल गावातल्या चाळीत आमची खोली शेवटची. टाकी उतरली की आधी आमचाच नळ कोरडा पडतो. तेवढं मला लगेच समजलं.

"हा निळा तुकडा गेला," डॉक्टर म्हणाले. "बाकीचा अजून तगून आहे."

"बोलतील ना हो?"

"आत्ता नाही सांगता येत. पण प्रेशर एवढं उतरलं कशानं? एका दिवसात दोन गोळ्या गेल्या होत्या का?"

घरात नियम माझा होता. डोळा उघडला की आधी प्रेशरची गोळी, मग चहा. दिवसपाळी संपून नाइट लागायची त्या रविवारी हे सकाळी उठायचे, दुपारी झोपून संध्याकाळी परत उठायचे. "अगं, सकाळी घेतली ना!" असं म्हणायचे बिचारे. आणि मी शहाणी! "ती दिवसाची झाली. रात्रभर मशीनवर उभं राहायचंय, तेव्हाचं प्रेशर कोण सांभाळणार?" असं म्हणून गोळी हातावर ठेवायची. एकदा नको म्हणाले तर मी घर डोक्यावर घेतलं होतं.

"गोळ्या कोण देतं?" डॉक्टरांनी विचारलं.

खाटेवरून ह्यांनी तोंड उघडलं. नुसता घरघर आवाज आला. मग डावा हात वर केला आणि स्वतःच्या छातीवर ठेवला. मी घेतो, माझा मीच.

डॉक्टर ह्यांच्यावरच रागावले. "काका, असं करतात का?" ह्यांनी मान खाली घातली, आणि मी तिथेच उभी राहून ते ऐकून घेतलं.