लांब चाललास का?

तलवाड्यात घराबाहेर निघालेल्या माणसाला "कुठं चाललास?" असं विचारायची कुणाची छाती नव्हती, निदान छबुबाईच्या आळीत तरी. निघताना 'कुठं' विचारलं की काम फिसकटतं अन् माणूस हात हलवत माघारी येतो, हे तिचं शास्त्र. विचारायचंच तर "लांब का?" म्हणावं. एकदा शेजारच्या संगीतानं टोकलं, तर ही बया गेवराईची गाडी सोडून घरी परतली, पाणी प्याली, संगीताच्या सात पिढ्यांचा उद्धार केला अन् मगच नव्यानं निघाली.

त्याच छबुबाईच्या जिभेला त्या सकाळी काय धाड भरली, देव जाणे!

तिचा सोमेश्वर फौजेत, लेहला. फोन आला, "आई, निघालो बरं का." दूध उतू चाललं म्हणून ही धावली अन् धावता धावता बोलून गेली, "कुठं रे?"

"थॉईसला, फौजेच्या विमानतळावर. तिथून वर बर्फात, चौकीवर. विमानानं सरळ साठेक किलोमीटर, आपल्या बीडपेक्षा जरासं जास्ती. अर्ध्या तासात उतरून फोन करतो."

छबुबाईनं कपाळावर हात मारून घेतला. "मेले गं! वैष्णवे, मी कुठं म्हणले!"

सून भाकरी थापत होती. "आत्याबाई, विमानाला काय मराठी कळतंय?"

अर्धा तास गेला. फोन न्हाई. छबुबाईनं झाडलेलं अंगण परत झाडलं. दारात गेली, आत आली, परत दारात. "साठ किलोमीटरला इतका येळ? आपली लालपरी सुदीक पोचली असती की!" वैष्णवीनं मोबाईलात नकाशा काढला. "मधी लई मोठा डोंगर हाय. रस्त्यानं गेलं तर दिवस मोडतो." हे ऐकून म्हातारीच्या जिवाचं पाणी पाणी झालं. वैष्णवीच्याही हातावरचं पीठ वाळून गेलं, तरी तिनं पुढची भाकरी टाकली न्हाई.

दुपारी फोन वाजला. "आई, ढग दाटले, विमान अर्ध्यातूनच माघारी फिरलं. लेहलाच हाय. उद्या परत."

"फिरलं का न्हाई!" छबुबाई हसली, रडली, पदरानं नाक पुसलं. अन् तिथंच तिच्या मनात आलं, रोज विचारलं तर? रोज माघारी येईल की पोरगं.

तिकडून सोमेश्वर म्हणाला, "वरची पोरं वाट बघायलीत गं. आमी पोचलो तरच ती खाली उतरणार, घरी जाणार."

दुसऱ्या सकाळी पुन्हा फोन. "आई, निघालो."

'कुठं' अगदी ओठावर येऊन बसला होता. नुसतं तोंड उघडायचा अवकाश. वैष्णवी तिच्याकडंच बघत होती. काल चेष्टा करणारी ती, आज तिलाही तोच शब्द हवा होता. नवरा होता तिचा. पण त्या वरच्या पोरांनाही आया असतील. त्याही अशाच आत-बाहेर करत असतील. छबुबाईनं तो शब्द गिळला.

"लांब चाललास का, सोमा?"

"न्हाई गं आई. साठच किलोमीटर."

फोन बंद झाला.

"साठच म्हणतंय," छबुबाई सुनेला म्हणाली, अन् मटकन खाली बसून रडायला लागली.