नाहीद टीव्हीवर रडली

कितीही आखडलेला पंजा असो, बाईला कळायच्या आत बांगडी मनगटात! बल्लारपूरच्या नाहीदचा हात असा होता. तो तिला वडिलांकडून, अयूबभाईंकडून मिळालेला. मुलगा म्हणून जन्मलेल्या नाहीदनं अठराव्या वर्षी ओढणी घेतली, तेव्हा अयूबभाईंनी वर्षभर अबोला धरला. मग एका सकाळी बांगड्यांची पेटी तिच्यापुढे सरकवून म्हणाले, "माये गुडघे गेले. जत्रेले आता तूच जा."

२००७च्या महाशिवरात्रीला मार्कंड्याच्या जत्रेत टीव्हीवाले तिला शोधत आले. कुठल्याशा रिअॅलिटी शोसाठी त्यांना 'अशा लोकांचं जीवन' हवं होतं. कॅमेरा लावून त्यांच्यातली पोरगी म्हणाली, "जरा टाळी वाजवून दाखवा ना."

"हातात बांगड्या हायेत, बाई. फुटल्या तं?"

"मग तुमचं दुःख सांगा. घरच्यांनी हाकललं असेल ना?"

"नाई. घरूनच तं आली सकाळी."

दुपारी नाहीदनं मिरचीचं भजं तोंडात टाकलं. ते असं जहाल निघालं, की डोळ्यांतून घळाघळा पाणी! कॅमेरावाला धावतच आला.

महिन्याभरानं शेजारच्या गुणाबाईंकडे सगळी गल्ली टीव्हीपुढे जमली. पडद्यावर नाहीद रडत होती, मागे सारंगी विव्हळत होती आणि कुणी जड आवाजात सांगत होतं, "घरानं नाकारलेलं एक आयुष्य..."

अयूबभाई उसळलेच. "कोनं नाकारलं बे? मी तं इथीच बसलो हाव!"

गल्ली पोट धरून हसली. नाहीदही हसली. पण बांगड्या भरतानाचं एकही दृश्य त्यांनी ठेवलं नव्हतं, ते मात्र तिला लागलं.

पुढच्या आठवड्यात कोरपन्याची एक बाई खास तिला बघायला आली. टक लावून पाहत म्हणाली, "लय दया आली हो तुमची."

"दया राहू द्या, हात द्या इकडं."

बोलता बोलता डझनभर हिरव्या बांगड्या चढल्या. बाई मनगट फिरवून बघतच राहिली. "माया पोरीचं लगन हाय वैशाखात. बांगड्या भराले याल?"

नाहीद गेली, अयूबभाईंना घेऊन. मांडवात बायकांनी तिला असं घेरलं, की संध्याकाळपर्यंत मान वर करायला फुरसत नाही. नवरदेवाकडच्या एका म्हाताऱ्यानं विचारलं, "ह्या कोण?"

"पोरगी माई," अयूबभाई म्हणाले आणि वाढप्याकडून आणखी बुंदी मागून घेतली.