वीणा खाली ठेवता येत नाही

माझा डावा कान लहानपणापासून वाहायचा. आमच्याकडे त्याचं कुणाला फारसं काही वाटत नसे. लेकराचा कान फुटलाय, मोठं झालं की बंद होईल, एवढंच म्हणायचे. मी मोठा झालो, माझी लेकरं मोठी झाली, कान काही बंद झाला नाही. गेल्या हिवाळ्यात दुखणं डोक्यापर्यंत चढलं तेव्हा नांदेडला दाखवलं. डॉक्टर म्हणाले, पडदा तर गेलेलाच आहे, आता कानामागचं हाडही सडायला लागलंय; ते साफ करावं लागेल आणि जमलं तर नवा पडदा बसवू. 'जमलं तर' हे त्यांनी अगदी सहज म्हटलं आणि माझ्या मनात तेवढंच राहिलं. बसवलेला पडदा धरला तर बऱ्यापैकी ऐकू येईल, सरकला तर पुन्हा उघडावं लागेल आणि मग त्या कानाची आशा धरू नका, असं त्यांचं म्हणणं. उजवा कानही वयाप्रमाणे उतरत चालला होता. माझं कुरुंद्याला खता-बियाण्यांचं दुकान आहे. गिऱ्हाइकाला तिसऱ्यांदा बोलायला लावलं की ते चौथ्यांदा शेजारच्या दुकानात जाऊन बोलतं, हे मी पाहत होतो.

देवाच्या बाबतीत मी तसा कोरडाच माणूस. गावात सप्ताह असला की वर्गणी द्यायची, वीणेचा पहारा वाट्याला आला की उभं राहायचं, हे वडील करायचे म्हणून मी करत आलो. देव आहे की नाही, या प्रश्नाच्या मागे मी कधी लागलो नाही आणि त्यानंही मला कधी गाठलं नाही. ऑपरेशनला निघताना बायकोनं मारुतीला नारळ कबूल केला. मी गाडीत जाऊन बसलो. भूल देताना सगळे देवाचं नाव घेतात म्हणे. मी छतावरच्या पंख्याची पाती पाहत होतो, ती फिरत नव्हती, आणि मग काहीच दिसेनासं झालं.

ऑपरेशन ठीक झालं. पुढचे काही आठवडे काय काय करायचं नाही, ते डॉक्टरांनी बायकोला सांगितलं. मला कमी ऐकू येतं म्हणून नव्हे, मी ऐकणार नाही म्हणून. वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, नाक शिंकरायचं नाही, शिंक आलीच तर तोंड उघडं टाकून द्यायची, कानाला पाण्याचा थेंब लागू द्यायचा नाही. घरी आल्यावर तिनं हे सगळं इतक्या वेळा म्हणून दाखवलं की आमच्या दारावरून जाणाऱ्यालाही पाठ झालं असेल. डोक्याची मोठी पट्टी निघाली, कानात औषधाची पट्टी ठासून भरलेली राहिली. चक्कर मात्र जात नव्हती. उठून उभा राहिलो की घर एकीकडे झुकायचं, मग सावकाश जागेवर यायचं. दिवसभर पडून राहायचं आणि आत पडदा धरतोय की सरकतोय याचा विचार करायचा, एवढाच उद्योग उरला. नाम घेऊन पाहिलं. तोंड हलायचं, मन कानातच असायचं. मला भीती वाटत होती, आणि ती कुणाला सांगण्यासारखी वाटत नव्हती. कानासाठी एवढं काय, असंच लोक म्हणाले असते.

चैत्र लागला आणि गावचा सप्ताह बसला. दरवर्षी तो हळदीच्या ऐन धांदलीत येतो. त्या दिवसांत आमच्याकडे माणूस मिळत नाही. कुणाची हळद निघतेय, कुणाची शिजतेय, कुणाची वाळत पडलीय, कुणाच्या पॉलिशच्या ड्रमाचा पिवळा धुरळा गावावर बसतोय. सकाळच्या काकड्याला आणि रात्रीच्या कीर्तनाला मंडप भरतो, पण दुपारी जेवणं उरकली की तिथे वीणेकऱ्याशिवाय कुणी नसतं. सप्ताह संपेपर्यंत वीणा जमिनीला टेकवायची नसते आणि नाम थांबवायचं नसतं. एकाच्या गळ्यातून निघून ती दुसऱ्याच्या गळ्यात जाते. जाताना घेणारा देणाऱ्याच्या पाया पडतो आणि देणारा घेणाऱ्याच्या. तिथे वय पाहत नाहीत, नातं पाहत नाहीत. बापही लेकाच्या पाया पडतो.

एका दुपारी घरातले सगळे शेतात निघाले. मी म्हटलं, एकटा बसून काय करू, देवळात जाऊन बसतो. बायकोनं चपला घालता घालता बजावलं, "बसा, पण गपचूप बसा. देवाला लांबून हात जोडले तरी चालतंय, त्याला ठाऊक हाय तुमचा कान. कुठं वाकू नका."

मंडपात किशनकाका एकटेच वीणा घेऊन उभे होते. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण अजून स्वतःची हळद स्वतः शिजवतो. मी डोक्याला उपरणं गुंडाळलं होतं, त्यामुळे कान दिसत नव्हता. शिवाय मी दुपारच्या वेळी देवळात मोकळा बसलोय एवढंच त्यांना दिसलं असणार. त्या दिवसांत अख्ख्या गावात मोकळा माणूस म्हणजे मी एकटाच होतो. जवळ येऊन ते म्हणाले, "जरा धरतो का? हळदीचा कुकर चढवून आलोय, पोरायला वाफेचं कळत न्हाई. गेलो अन् आलो." वीणा पुढे केल्यावर नाही म्हणायची आमच्याकडे रीत नाही. मी उठलो आणि त्यांच्या पाया पडलो. गुडघ्याला हात लावून भागवलं नाही, चांगला कमरेतून वाकून दोन्ही पायांना हात लावले. इतकी वर्षं वाकत आलेलं अंग, त्याला डॉक्टरांचं काय ठाऊक! वर आलो तेव्हा कानामागे कळ निघाली आणि आत काहीतरी जागचं हलल्यासारखं वाटलं. तोवर काकांनी वीणेचा पट्टा माझ्या गळ्यात घातला होता, तेही माझ्या पाया पडले होते आणि झपझप निघालेही होते.

काय केलं हे आपण, हा विचार आला आणि त्यापाठोपाठ मंडप फिरायला लागला. या वेळी तो जागेवर येईना. मी पाय फाकवून उभा राहिलो, तार छेडत राहिलो, रामकृष्णहरी म्हणत राहिलो. काकांना हाक मारली, पण त्यांचा कुकर गावाच्या पार दुसऱ्या टोकाला. समोर सतरंजी अंथरलेली होती. वीणा तिच्यावर ठेवून मला खांबाला टेकून बसता आलं असतं. पाहणारं कुणी नव्हतं. देवाच्या मागे कधी न लागलेल्या माणसाला एवढं सोपं जायला हवं होतं. पण माझा हात काही ती खाली ठेवेना. माझ्या जन्माच्या आधीपासून या गावात कुणी सप्ताहात वीणा खाली ठेवलेली नाही, ती आज माझ्या कानापायी ठेवली जाणार, हे मला सोसवत नव्हतं. माझा विश्वास मी समजत होतो तेवढा कमी नसावा, किंवा भीती जास्त असावी. दोन्हींतलं नेमकं काय ते मी अजूनही ठरवलेलं नाही. डोळ्यांपुढे अंधारी आली तेव्हा मी गाभाऱ्याकडे पाहून मोठ्यानं म्हणालो, "आता माझ्यानं होत न्हाई, तूच धर." कानाबद्दल काही मागितलं नाही. त्या क्षणी कान आठवलाच नाही.

"काका, चक्कर येऊन राहिली का?"

मंडपाच्या कडेला एक बाई उभी होती. तिशीची असेल, खांद्याला लसीचा निळा डबा. आमच्या उपकेंद्रात नव्यानं बदलून आलेली सिस्टर, हे मला नंतर समजलं. अंगणवाडीतलं लसीकरण आटोपून ती घटकाभर सावलीला आली होती. मी म्हणालो, "कानाचं ऑपरेशन झालंय."

"अन् मग उभे काहून? बसा ना खाली."

"ही खाली ठेवता येत न्हाई."

तिनं वीणेकडे पाहिलं, माझ्या तोंडाकडे पाहिलं. डबा कट्ट्यावर ठेवला, चपला काढल्या आणि आत आली. "मी विहारात जाणारी बाई, मला ह्यातलं काही कळत न्हाई," ती म्हणाली. "धरायची कशी तेवढं सांगा. तुमी पडलात तर कान बी जाईल अन् हे बी मोडंल."

गावातल्या कुण्या बाईच्या गळ्यात वीणा मी कधी पाहिली नव्हती. हे माझ्या डोक्यात आलं खरं, पण ते येईपर्यंत पट्टा माझ्या गळ्यातून निघून तिच्या गळ्यात गेलेला होता. आणि मग सवयीनं मी पुन्हा वाकायला निघालो. तिनं मोकळ्या हातानं माझा खांदा घट्ट धरला. "आता कुठं वाकता? सरळ बसा. डोकं हलवू नका, एका जागी नजर ठेवा." मी खांबाला पाठ लावून बसलो आणि तिच्या निळ्या डब्यावर नजर रोखली. तिनं एक-दोनदा तार छेडून पाहिली. विचारलं, "तोंडानं काय म्हणायचं असतं?" मी सांगितलं. ती जरा थांबली, मग म्हणाली, "ते तुमी म्हणा. मी वाजवते."

अशी ती दुपार आम्ही दोघांनी सांभाळली. ती न अडखळता तार छेडत उभी होती आणि मी बसल्या जागी रामकृष्णहरी म्हणत होतो. हळूहळू मंडप स्थिर झाला. तेव्हा लक्षात आलं, माझा आवाज मला डाव्या कानात ऐकू येतोय. बाहेरचं काही नाही, फक्त नाम, आणि तेही आतून, मोठ्यानं, रिकाम्या घागरीत बोलल्यासारखं. तो कान इतकी वर्षं माझ्यापुरता नसल्यातच जमा होता. मी रडलो. सिस्टरनं पाहिलं असेल, पण ती तार छेडत राहिली. पडदा सरकला असला तर सरकू दे, असं पहिल्यांदा मनात आलं, आणि ते म्हणताना भीती वाटली नाही.

काका परत आले ते मंडपाच्या पायरीवरच थबकले. माझ्याकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं. मी सगळं सांगितलं, माझा कान, चक्कर, तिचं येणं. मला वाटलं आता काही बोलतील. त्यांनी हात धुतले, पुढे आले आणि खाली वाकून तिच्या पायांना हात लावले. ती दचकून मागे सरली. "अहो बाबा, हे काय करता?"

"घेणाऱ्यानं देणाऱ्याच्या पाया पडायचं असतं, बाई. इथं असंच हाय."

तीही मग वाकली, बहुधा म्हाताऱ्या माणसापुढे वाकावं म्हणून. वीणा काकांच्या गळ्यात गेली. तिनं चपला घातल्या, डबा उचलला, मला म्हणाली, "डॉक्टरला सांगा बरं का वाकलेलं, लपवू नका," आणि पुढच्या वस्तीकडे निघून गेली. काकांनी मला एकच विचारलं, "नाव तुटलं न्हाई ना?" मी म्हटलं, "न्हाई." ते म्हणाले, "मग झालं," आणि तार छेडायला लागले. बायकोनं संध्याकाळी जे काही ऐकवलं ते उजव्या कानालाही पुरून उरलं.

तपासणीच्या दिवशी मी डॉक्टरांना काही लपवलं नाही. कानातली पट्टी काढून ते दुर्बिणीतून बराच वेळ पाहत होते. मी हात मांडीवर ठेवून बसलो होतो. जे असेल ते असेल, असं मन झालं होतं. शेवटी म्हणाले, पडदा धरलाय; एक कड अजून ओली आहे, थेंब टाकत राहा. वाकायला नको होतं, नशीब तुमचं. आतून ऐकू आलेल्या आवाजाबद्दल विचारलं तेव्हा त्यांनी सांगितलं की कान बुजवलेला असला की आपलाच आवाज आत घुमतो, कुणालाही घुमेल. बरोबरच असेल. मी वाद घालत नाही. सिस्टरही तिच्या कामाला आली होती, सावली पाहून थांबली होती, तेही बरोबर. मला एवढंच ठाऊक आहे की मी 'तूच धर' म्हणालो आणि कुणीतरी हात पुढे केले. हात कुणाचे असावेत हे ठरवणं माझ्याकडे नव्हतं, आणि नव्हतं तेच बरं. सगळं आपणच धरून उभं राहायचं असतं, असं मी आजवर समजत होतो. आता दुकानातही पोराला गल्ल्यावर बसवून मी सरळ घरी जेवायला जातो.

कड वाळल्यावर, पावसाळ्याच्या तोंडावर, घरच्या हळदीची पुडी घेऊन मी उपकेंद्रात गेलो. लेकरं रडत होती, बायांची गर्दी होती. सिस्टर एका तान्ह्या पोराचं वजन करत होती, म्हणून मी बाजूच्या बाकावर बसून राहिलो. काट्यावरची नजर न काढता ती हलक्या आवाजात म्हणाली, "काका, कान काय म्हणतो?" मी म्हणालो, "बरा हाय, सिस्टर." ती हसली आणि पुढच्या बाईला आत बोलावलं. तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं, एवढ्या कलकलाटात ती माझ्या डाव्या बाजूला उभी राहून बोलली होती. मी बसल्या जागी हात जोडले. कुणाला जोडले, ते तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर मलाही नीट सांगता आलं नसतं.